काळं पीठ

मला आयुष्यात सगळ्यात जास्त घाबरवणारी कथा कुणी लिहिली, हे मला आजही ठाऊक नाही. ते पुस्तक खेडला माझ्या आजोळी होतं. मामाने कधीतरी वाचनालयातून आणलेलं, परत करायचं राहून गेलेलं. वर खाकी पुठ्ठा, पुठ्ठ्यावर नावाऐवजी शाईने घातलेला नंबर, आणि पहिली सोळा पानं शिवणीतून सुटून नाहीशी झालेली. गणपतीला आम्ही सगळी भावंडं तिथे जमायचो. पावसाने जोर धरला की वीज जायची आणि दोन-दोन दिवस यायची नाही. अशाच एका काळोख्या दुपारी, ओटीवर पोटावर पडून, मी ती कथा वाचली. बारा वर्षांची असेन.

एक माणूस बदलीच्या गावी जुन्या वाड्यात खोली घेतो. रात्री त्याला जात्याची घरघर ऐकू येते. पुढचं मला लख्ख आठवायचं. तो कंदील घेऊन जिना उतरतो, माजघराचं दार लोटतो, आत एक बाई पाठमोरी बसून दळत असते. ओले केस पाठीवर मोकळे सोडलेले. तोंडाने ओवी नाही, काही नाही, नुसतं दळण. आणि जात्याभोवती जे पीठ पडत असतं ते काळं असतं.

तीस वर्षं हे चित्र मी बाळगलं. लग्न होऊन ठाण्याला आले, चाळीतून फ्लॅटमध्ये गेले, घरात जातं नाही की माजघर नाही, तरी रात्री पाणी प्यायला उठल्यावर स्वयंपाकघराचा दिवा लावण्याआधी एक क्षण हात थांबायचा.

मग एका वर्षी आजोळचा माळा साफ करताना तेच पुस्तक हाती लागलं. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या, पण कथा शाबूत होती. उभ्या उभ्याच वाचली. जेमतेम साडेचार पानांची. माणूस खोली घेतो, घरघर ऐकतो, सकाळी मालकाला विचारतो. मालक म्हणतो, या वाड्यात जातंच नाही. तीन रात्री तो अंथरुणात बसून ऐकत राहतो आणि चौथ्या दिवशी वळकटी बांधून निघून जातो. संपली कथा. तो जिना उतरतच नाही. बाई नाही, केस नाहीत, पीठ नाही.

मी पुन्हा वाचली. पानं गळली असतील म्हणून आकडे तपासले. सलग होते.

त्या क्षणी मला जे वाटलं ते निराशेसारखं अजिबात नव्हतं. माजघराच्या कोपऱ्यात आमचं जातं होतं, त्याच्या शेजारी न्हाऊन आलेली आजी केस वाळवत पाठमोरी बसायची, आणि चुलीच्या धुराने तिथला कोनाडा काळा ठिक्कर झाला होता. त्या अनामिक लेखकाने मला फक्त आवाज दिला होता. बाकीचा वाडा मी माझ्या घरातून नेला होता.

तेव्हापासून भयकथेवरून केलेला कुठलाही सिनेमा किंवा मालिका पाहताना मी एकच गोष्ट शोधते. हे करणाऱ्याने पुस्तक समोर उघडं ठेवून केलंय, की पुस्तक मिटल्यावर जे त्याच्याजवळ उरलं त्यातून केलंय? पहिल्या प्रकारात मेहनत बहुतेकदा दिसते. भीती वाटते ती जवळजवळ नेहमी दुसऱ्या प्रकारात.

'तुंबाड' या हिंदी भयपटाच्या जन्माची हकीकत मला म्हणूनच फार जवळची वाटते.

१९८४ साली अमेरिकेत भयकथाकार स्टीफन किंगची 'ग्रामा' ही कथा आली आणि पुढच्या वर्षी ती 'स्केलेटन क्रू' या संग्रहात समाविष्ट झाली. जॉर्ज नावाचा अकरा वर्षांचा मुलगा. थोरल्या भावाचा खेळताना पाय मोडतो, आईला इस्पितळात धावावं लागतं, आणि जॉर्ज घरी एकटा उरतो. एकटा म्हणजे, आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली त्याची अवाढव्य, आंधळी आजी आहे. लहान असताना ती त्याला मिठीत घ्यायला हात पसरायची आणि तो किंचाळत सुटायचा. आता तिला चहा करून द्यायचा आहे, ती मरण पावली असेल तर तोंडाशी आरसा धरून बघायचं आहे. कथेतला निम्म्याहून जास्त वेळ काहीच घडत नाही. एक मूल आतल्या खोलीतला श्वास ऐकत बसलेलं असतं.

मराठीतले भयकथाकार नारायण धारप यांनी ही कथा मराठीत आणली आणि तिला नाव दिलं 'आजी'. मला तर या नावातच अर्धं काम झालेलं दिसतं. जॉर्जसाठी त्याची आजी जवळपास परकी बाई आहे. आपल्याकडे आजी म्हणजे अंधारातून पळत येऊन जिच्या लुगड्यात तोंड लपवायचं ती. भुताच्या गोष्टी तीच सांगते आणि भुतापासून वाचवतेही तीच. तिच्याकडेच जायची भीती वाटायला लागली, तर मुलाने जायचं कुणाकडे?

पुढचा दुवा कागदावरचा नाही. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने 'तुंबाड'चे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना धारपांची ही गोष्ट तोंडी सांगितली. जंगलात, रात्री, तोंडी. मला वाटतं, 'तुंबाड'चं खरं मूळ संहितेपेक्षा या सांगण्यात आहे. सांगणारा माणूस कधीच पुस्तकाशी इमान राखत नाही. तो समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून थांबतो, एखादा तपशील गाळतो, एखादा फुगवतो. ऐकणारा आणखी काही घालतो. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सिनेमा पडद्यावर आला, तोपर्यंत पंचवीस वर्षं लोटली होती आणि किंगच्या कथेतलं पडद्यावर फारच थोडं उरलं होतं. भावाला इजा झाली आहे, आई त्याला घेऊन गेली आहे, घरात एक मुलगा आहे, साखळदंडाने बांधलेली म्हातारी आहे, आणि तिला खायला घालायचं आहे. एवढंच. बाकीचा सिनेमा, १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांतला, पिढ्यानपिढ्यांच्या हावेचा आहे. ती गोष्ट किंगची नाही आणि धारपांचीही नाही.

पण जे उरलं ते कसं उरलं, ते बघण्यासारखं आहे. किंगच्या कथेत आजीला आडवं पडायला लावणारा मंत्र आहे, 'हॅस्टर'च्या नावाने. ('हॅस्टर' हे नाव किंगच्याही आधीचं. १९व्या शतकाच्या अखेरीस अँब्रोज बिअर्सच्या एका कथेत तो मेंढपाळांचा सौम्य देव होता. रॉबर्ट चेंबर्सने ते नाव उचललं, मग लव्हक्राफ्टने, आणि हातोहात ते काळवंडत गेलं.) 'तुंबाड'मध्ये त्याचा हस्तर नावाचा हावरा देव झाला. आणि मंत्राचं काय झालं? लहानगा विनायक म्हाताऱ्या आजीला म्हणतो, झोप, नाहीतर हस्तर येईल.

हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा थिएटरात माझ्या अंगावर काटा आला, आणि तो का आला हे घरी आल्यावर उमगलं. हे आपल्या प्रत्येक घरातलं वाक्य आहे. झोप, नाहीतर बागुलबुवा येईल. फक्त ते उलटं झालं होतं. आजीने नातवाला म्हणायचं ते नातू आजीला म्हणत होता, जिवाच्या आकांताने, आणि त्या वाक्याने ती खरंच झोपत होती. अमेरिकन कथेतला मंत्र मराठी घरात शिरला तो असा, अंगाईच्या वाटेने. ओळीला ओळ लावून भाषांतर करणाऱ्या कुणाला हे सापडलं नसतं.

'ग्रामा'वर अमेरिकेतही टीव्हीसाठी एक भाग झाला होता. १९८६ साली, 'द ट्वायलाइट झोन'च्या नव्या मालिकेत. पटकथा हार्लन एलिसनसारख्या मोठ्या लेखकाची. घर तेच, मुलगा तोच, आजी तीच. मी तो उत्सुकतेने शोधून पाहिला. चांगला केला आहे. दुसऱ्या दिवशी मला त्यातलं काही आठवेना.

'तुंबाड' हे नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेलं. ती कादंबरी जगबुडी नदीच्या काठची, खेड तालुक्यातली, म्हणजे आमच्याच भागातली. सिनेमात पेंडशांचे खोत नाहीत, गोष्ट वेगळी आहे. पण जगबुडीच्या काठचा पाऊस आहे. पुस्तकात 'पाऊस पडत होता' एवढं लिहिलं की भागतं, उरलेला पाऊस वाचणारा पाडतो. सिनेमाला तो खरोखर पाडावा लागतो. या लोकांनी त्यासाठी चार पावसाळे थांबून चित्रीकरण केलं असं सांगतात, आणि पडद्यावर ते कळतं. तो नळीने पाडलेला पाऊस नाही. त्याचं आभाळ खाली आलेलं आहे, त्याच्या उजेडाला रंग नाही, त्यात भिजलेल्या दगडी पायऱ्यांवर पाय ठेवायला भीती वाटते. आजोळी आम्ही ज्याला 'लागलेला पाऊस' म्हणायचो, तो हा. वाचकाच्या मनातलं घर सिनेमा हिरावून घेतो, तर त्याच्या बदल्यात त्याला असं काहीतरी द्यावं लागतं, अंगाला लागेल असं.

कधीकधी तर जे द्यायचं ते मूळ पुस्तकात नसतंच. कोजी सुझुकी यांची 'रिंग' ही जपानी कादंबरी १९९१ ची. हिदेओ नाकाता यांचा सिनेमा १९९८ चा. त्यातला कुठला प्रसंग आठवतो असं कुणालाही विचारा, एकच उत्तर येईल. विहिरीतून बाहेर आलेली, केसांनी चेहरा झाकलेली सादाको चालत चालत टीव्हीच्या काचेपाशी येते आणि काचेतून खोलीत उतरते. हा प्रसंग कादंबरीत नाही. कादंबरीत भीती एखाद्या रोगासारखी पसरते. चित्रफीत पाहिली की सात दिवस, आणि वाचायचं असेल तर तिची नक्कल दुसऱ्याला दाखवायची. हे कागदावर विलक्षण भिनतं, पण ते डोक्यात भिनतं. नाकातांनी त्याला हातपाय दिले. कादंबरी मागाहून वाचणाऱ्या कितीतरी जणांना तो प्रसंग नसल्याचं नवल वाटतं. मला वाटलं होतं. काळ्या पिठाच्या वेळी वाटलं होतं तसंच.

सादाकोची ती चाल कशी साधली, ते कळल्यावर मी बराच वेळ गप्प बसले होते. रिए इनो या अभिनेत्रीला उलटं, मागे मागे चालायला लावलं आणि ते चित्रण उलट्या क्रमाने दाखवलं. म्हणून ती पुढे येताना दिसते, पण शरीराचं वजन भलतीकडेच पडत असतं. डोळ्याला चूक सापडत नाही, अंगाला सापडते.

आणि हीच युक्ती एकोणीस वर्षं आधी, अमेरिकेत, वेगळ्याच लोकांनी केली होती. किंगच्या 'सेलम्स लॉट' या १९७५ च्या कादंबरीवर टोबी हूपर यांनी १९७९ साली टीव्हीसाठी चित्रपट केला. त्यात मेलेला लहान मुलगा रात्री धुक्यातून तरंगत येतो आणि खिडकीची काच नखांनी खरवडतो. तारांऐवजी त्याला क्रेनवर बसवून चित्रण केलं आणि तेही उलटं फिरवून दाखवलं. धुकं त्याच्यापासून दूर जायच्याऐवजी त्याच्याकडे ओढलं जाताना दिसतं. (याच कादंबरीचा सांगाडा घेऊन धारपांनी 'लुचाई' लिहिली. ती वाचलेल्यांना ही खिडकी ओळखीची वाटेल.)

कोकणातल्या कुठल्याही शेंबड्या पोराला विचारा, भूत कसं ओळखायचं. तो सांगेल, पायांकडे बघायचं. पाय उलटे असतात.

मला हे पटकन सुचलं तेव्हा मी घरात एकटीच होते आणि कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. जपानमधल्या एका दिग्दर्शकाला आणि अमेरिकेतल्या एका दिग्दर्शकाला कॅमेरा उलटा फिरवून जे सापडलं, ते आमच्या गावच्या गुराख्यांना आधीपासून ठाऊक होतं. मेलेला माणूस काळाच्या उलट दिशेने चालत असतो. पुढे येतो तेव्हाही तो मागे जात असतो. हे शब्दांत सांगितलं की नुसती माहिती होते. गावातल्या माणसाने ते पायाच्या टाचेत आणून ठेवलं, सिनेमाने चालीत. भीती एका माध्यमातून दुसऱ्यात जाते ती अशी, तिला शरीर मिळालं की.

आता 'द शायनिंग'. यावर लोक इतकं बोलले आहेत की मी थोडक्यात सांगते. १९७७ ची किंगची कादंबरी, हिवाळ्यात बंद पडलेलं हॉटेल सांभाळायला गेलेल्या जॅकची आणि त्याच्या कुटुंबाची. १९८० चा स्टॅनली कुब्रिक यांचा सिनेमा. किंगला तो आवडला नाही. इंजिन नसलेली देखणी मोटार, अशा अर्थाचं तो बोलला. त्याची तक्रार मला कळते. कादंबरीतला जॅक दारूशी झगडणारा, मुलावर जीव असलेला बाप आहे आणि किंगने त्यात स्वतःचं पुष्कळ काही ओतलं होतं. कुब्रिकचा जॅक पहिल्या मिनिटापासूनच बिथरलेला वाटतो. कादंबरीत हॉटेलच्या तळघरातला बॉयलर फुटतो आणि सगळं जळून जातं. सिनेमात जॅक बर्फात गोठून मरतो. एक गोष्ट आगीत संपते, दुसरी थंडीत, आणि दोघांच्या स्वभावातला सगळा फरक एवढ्यात आला. १९९७ साली किंगने स्वतः पटकथा लिहून कादंबरीशी प्रामाणिक अशी मालिका करवून घेतली. ज्या स्टॅनली हॉटेलात त्याला कादंबरी सुचली होती, तिथेच चित्रीकरण केलं. कादंबरीतली झुडपं छाटून केलेली जनावरं, जी पाठ वळली की जागा बदलतात, ती कुब्रिकने गाळून तिथे हिरव्या कुंपणांचा चक्रव्यूह आणला होता. मालिकेत ती जनावरं परत आली, संगणकावर हलवलेली. वाचताना त्या जनावरांनी माझी झोप उडवली होती. मालिकेत ती हलताना दिसली आणि भीती तिथेच विरली. कारण कादंबरीत ती सुरुवातीला हलताना दिसतच नाहीत. आपण मान वळवतो, आणि मधल्या वेळात ती हललेली असतात.

इथवर आल्यावर वाटेल की मी बंडखोरीच्या बाजूची आहे, पुस्तक जितकं मोडाल तितका सिनेमा चांगला. तसं नाही. शर्ली जॅक्सन यांची 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस' ही १९५९ ची कादंबरी आणि रॉबर्ट वाइझ यांचा १९६३ चा 'द हाँटिंग' ही जोडी मला पुन्हा पुन्हा गप्प करते.

एलिनोर नावाची एकाकी बाई त्या घरात राहायला आली आहे. रात्री काळोखात, शेजारच्या पलंगावरच्या थिओडोराचा हात घट्ट धरून ती पलीकडचे आवाज ऐकते आहे. हात इतका आवळला जातो की हाडं दुखतात. दिवा लागतो. थिओडोरा खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहे. मग मी कुणाचा हात धरला होता?

वाइझ यांनी हे जवळजवळ जसंच्या तसं घेतलं. काळा-पांढरा सिनेमा. भूत अख्ख्या सिनेमात एकदाही दिसत नाही. एलिनोर ऐकत असते तेव्हा कॅमेरा भिंतीवरच्या नक्षीकडे बघत राहतो, आणि बघता बघता त्या नक्षीत चेहरा जमायला लागतो. तो तिथे आहे की आपण जमवतोय, सांगता येत नाही. आणि ते दार! बंद लाकडी दार बाहेरून कुणीतरी श्वास घेत असल्यासारखं आत फुगतं. थरांच्या लाकडाचं दार करून मागून माणसाने दाबलं होतं, एवढंच. वाइझ यांना अजून पूर्ण न झालेली, कडांना चित्र वाकवणारी एक भिंग हवी होती. ती सदोष आहे हे मान्य असल्याची लेखी कबुली देऊन त्यांनी ती मिळवली. त्या वाकड्या भिंगातून ते घर असं दिसतं की त्याचा एकही कोपरा सरळ नाही, आणि जॅक्सनने कादंबरीत लिहिलेलं घर तसंच तर आहे, प्रत्येक कोन जरासा चुकलेला. १९९९ साली याच कथेवर भरपूर पैसे ओतून पुन्हा सिनेमा झाला. त्यात सगळं दिसतं. लाकडातली कोरलेली मुलं माना वळवतात, पडदे चेहरे धारण करतात. मला तो शेवटपर्यंत बघवला नाही.

मग वाइझ यांना पुस्तक समोर उघडं ठेवून जमलं कसं? मी बरेच दिवस यावर विचार केला. जॅक्सनने मुळात चित्र लिहिलंच नव्हतं. तिने आवाज लिहिला होता, स्पर्श लिहिला होता, आणि त्यांच्यामध्ये एक मोठी रिकामी जागा ठेवली होती. वाइझ यांनी ती रिकामी जागा जपून पडद्यावर आणली. भरली नाही.

आणि इथे मला माझ्याच काळ्या पिठाविषयी शंका येऊ लागली. त्या अनामिक लेखकाचा माणूस जिना उतरत नाही. तीन रात्री बसून ऐकतो आणि निघून जातो. बारा वर्षांच्या मला ते सहन झालं नव्हतं, म्हणून मी त्याच्या हातात कंदील दिला आणि त्याला खाली पाठवलं. बाई दिसली, पीठ दिसलं, आणि दिसल्यामुळे भीतीला निदान एक रूप मिळालं. आता चाळिशी उलटल्यावर मला वाटतं, त्याचं न उतरणं जास्त भयंकर आहे. पण हे कळायला आधी मला त्याला उतरवावं लागलं. दोन्ही खरं आहे आणि मला त्यातलं एक निवडता येत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न छोट्या पडद्याने जास्त हाताळला. रत्नाकर मतकरी आपल्या कथांना भयकथा न म्हणता गूढकथा म्हणत. ते नाटककार होते, दिग्दर्शक होते, त्यामुळे पडदा कधी उघडायचा हे त्यांना लिहितानाच ठाऊक असायचं. 'गहिरे पाणी' या मालिकेत त्यांच्या कथा घरोघरी पोचल्या. त्यातल्या खोल्या आपल्याच होत्या: ट्यूबलाइट, लोखंडी कपाट, भिंतीवर कालनिर्णय. तेवढ्यानेच अर्धी भीती यायची, कारण मालिका बंद करून वळलं की मागे तीच खोली असायची.

२०१८ साली, 'तुंबाड'च्याच वर्षी, धारपांच्या 'ग्रहण' कादंबरीवरून त्याच नावाची मालिका आली, पल्लवी जोशी यांची. आमच्या घरी ती रोज लागायची. माझ्या सासूबाई आणि मी न बोलता बघायचो. रोजच्या मालिकेबद्दल नाकं मुरडायची पद्धत आहे, पण मला तिचं एक बलस्थान तेव्हा जाणवलं. दोन भागांच्या मध्ये एक अख्खी रात्र असते. कादंबरी मिटून ठेवल्यावर जी रात्र असते, तीच. भाग एखाद्या अर्धवट उघड्या दारावर संपला की त्या दारामागचं पीठ आपण रात्रभर आपल्या घरात दळतो. सासूबाई सकाळी चहा गाळताना मला सांगायच्या, काय असेल ते. त्यांचं सांगणं कित्येकदा मालिकेपेक्षा भीतिदायक असायचं.

पण भाग संपला की लगेच 'पुढील भागात' येतं. त्या काही सेकंदांत दार उघडलेलं असतं, किंचाळी ऐकलेली असते, कोण वाचलं तेही कळलेलं असतं. मराठी मालिकांनी इतकी मोलाची रात्र आपल्या हाताने रोज वाया घालवावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मोबाईलवरच्या मालिकांनी तर ती रात्रच काढून टाकली. माइक फ्लॅनगन यांनी २०१८ मध्ये हिल हाउसवरून दहा भागांची मालिका केली. कादंबरीचं जवळपास सगळं बदललं, एका कुटुंबाचं दुःख केलं, आणि अंधाऱ्या कोपऱ्यांत कुणाच्याही लक्षात येणार नाहीत अशी भुतं उभी करून ठेवली. फार सुंदर केलं आहे. मी ती एका शनिवारी सलग पाहिली आणि आजही हळहळते. दहा रात्री पुरवायला हवी होती.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये 'तुंबाड' पुन्हा थिएटरात लागला तेव्हा मामेभावाची मुलगी माझ्याबरोबर आली. ती कॉलेजात आहे, ठाण्यातच चौदाव्या मजल्यावर राहते. बाहेर पडल्यावर ती गप्प होती. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "आत्या, आपल्या खेडच्या घरात पण जातं आहे ना?" पीठ मळून बाहुली करण्याचं दृश्य तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

पुढच्या वर्षी गणपतीला आम्ही सगळे खेडला होतो. दुसऱ्या रात्री वीज गेली. इन्व्हर्टर तासाभरात बसला. पोरं माजघरात गोळा झाली आणि तिने मला जात्याची गोष्ट सांगायला लावली. मी ठरवलं होतं की पुस्तकात आहे तशी सांगायची, माणसाला खाली उतरू द्यायचं नाही. सांगू लागले. तिसऱ्या रात्रीपर्यंत आले. समोर अंधारात पाच-सहा चेहरे, मागे कोपऱ्यात ते जातं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मग त्याने कंदील उचलला."

काळ्या पिठापाशी आल्यावर कुणीच काही बोललं नाही. बाहेर पागोळ्यांचा आवाज येत होता. मामीने आतून हाक मारली, आता झोपा रे, तेव्हा सगळी एकदम उठली आणि एकमेकांना धरून न्हाणीघराकडे गेली.

परतल्यावर दोनेक आठवड्यांनी मी तिच्या घरी गेले होते. ती खोलीत मैत्रिणीशी फोनवर बोलत होती, दार अर्धवट लोटलेलं. मी चहाचा कप घेऊन बाहेरच थांबले. ती तीच गोष्ट सांगत होती. पण तिच्या गोष्टीत वाडा नव्हता, कंदील नव्हता, जातं नव्हतं. नोकरीला लागलेली एक मुलगी नव्या टॉवरमध्ये फ्लॅट भाड्याने घेते. रोज रात्री तीन वाजता तिला स्वयंपाकघरातून मिक्सरचा आवाज येतो. ती उठून जाते, दिवा लावते. आणि मिक्सरची वायर, ती हळू आवाजात सांगत होती, गुंडाळून ठेवलेली असते. भांडं धुऊन ओट्यावर उपडं घातलेलं असतं. आणि तरीही त्या उपड्या भांड्याखालून काहीतरी बारीक होत असल्याचा आवाज येत असतो.